कोपऱ्यावरची दहा मिनिटं

९ एप्रिल

मामा,

नमस्कार, बसूनच. उठले तर मांडीवरची भिंगरी जागी होईल. आज पाचवा दिवस, पोरीचा ताप काही हटत नाही. शाळेच्या गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच पडलाय आणि मी एका हाताने हे लिहितेय. अक्षराला नावं ठेवलीस तर याद राख.

परवा फोनवर मी बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि तू म्हणालास, "कोण बोलतंय?" तुला सोडून अख्ख्या गल्लीला बातमी कळली. पार कोपऱ्यावरचा सायकलवाला हातातलं चाक टाकून विचारायला आला. तुझी सूनबाई म्हणते, कानाचं यंत्र कपाटात आहे आणि आता कपाटाला छान ऐकू येतं. मोबाईलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस, तेव्हा हे पत्र.

पहिल्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, मागे सर्दीला आणल्या होत्या त्याच. दोन दिवसांत ताप जरा उतरला, म्हणून बंद केल्या. काल पुन्हा चढला, आणि असा चढला की अंगाला हात लावला तर चटका बसावा. एरवी ही कार्टी एका जागी सव्वा मिनिट टिकत नाही. आता ठेवीन तशी पडून राहते, आणि तेच मला बघवत नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्या वहिनी दिवसातून चारदा डोकावतात. त्यांचा टिल्लू उंबऱ्यात उभा राहून विचारतो, "भिंगरी खेळायला कधी येणार?" चार वर्षांचा जीव, त्याला काय सांगायचं?

तू विचारलं होतंस, नवा चावीवाला कसा आहे. बरा आहे. तू बत्तीस वर्षं चावी फिरवून या गल्लीला पाणी दिलंस, तुझी सर त्याला कुठून येणार? पण सहाच्या ठोक्याला पाणी सोडतो आणि पुरता तासभर देतो. बाकी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

तुझी,
ठमी

१२ एप्रिल

ठमे,

अक्षराबद्दल एक शब्द बोलणार नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला एवढंच कळवतो.

गोळ्या मध्येच बंद केल्यास? धन्य आहेस. हे पत्र खाली ठेव आणि पोरीला उचलून मोठ्या दवाखान्यात ने. दुकानदार गोळ्या विकतो, ताप ओळखत नाही. रक्त तपासायला सांग. डॉक्टर "बघू" म्हणाले तर तिथेच बसून राहा, तुला बसून राहता येतं हे मला माहीत आहे. लहानपणी चपलांसाठी दुकानाच्या पायरीवर तीन तास बसली होतीस.

मी इथे उंटावरून शेळ्या हाकतोय हे मला कळतं. पण दुसरं करणार काय? मुलगा, सूनबाई दोघं कामावर जातात. मी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीची टाकी वाहताना बघतो आणि ओरडतो, "अरे, बंद करा रे!" कुणी ढुंकून बघत नाही. बहिरा मी, आणि ऐकत नाहीत ते.

आता एक नीट सांग. नवा माणूस गल्लीला पाणी द्यायच्या आधी कोपऱ्यावरची छोटी चावी उघडतो ना? सायकलवाल्याच्या दुकानाशेजारची. मी उघडायचो तशी, दहा मिनिटं, सगळं पाणी गटारात. तुम्ही पोरं हसायचात, "चावीमामाचा पाइप चूळ भरतोय" म्हणायचात. हसा खुशाल. पण उघडतो ना तो? तेवढं कळव. आणि पोरीला पाणी उकळूनच दे.

भिंगरीला सांग, चावीआजोबा म्हणतात, तापाला म्हणावं आता पुरे, आमचं खेळायचं राहिलंय.

तुझा,
मामा

१६ एप्रिल

मामा,

मुलांचा वॉर्ड, खाट अकरा. तुझं पत्र भिंगरीचे बाबा इथे घेऊन आले. तू सांगायच्या आधीच, तेरा तारखेला आम्ही हिला दाखल केलं. त्या सकाळी ती मला ओळखेना. "तू कोण?" म्हणाली. हे छापखान्यात होते, रिक्षा इस्त्रीवाल्या वहिनींनी थांबवली.

इथे सोळा खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेखाली एक आई झोपते. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कापडी बूट घालतात, कधी येऊन मागे उभ्या राहतात ते कळत नाही. म्हणाल्या, टायफॉइड. तुझ्या भाषेत मुदतीचा ताप. सलाइनच्या स्टँडला भिंगरीने 'काका' नाव दिलंय. बाथरूमला जायचं तर काकांना बरोबर घ्यावं लागतं. काल म्हणाली, "काका खूप बारीक झालेत, त्यांना पण काहीतरी खायला दे." मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

इंजेक्शन सुरू आहे. बाई म्हणाल्या, बहुतेक पोरांचा ताप चार-पाच दिवसांत उतरायला लागतो. आज चौथा दिवस. सकाळी एकशे तीन, दुपारी एकशे चार. जिभेवर पांढरा थर, पोट फुगलेलं. रक्त तपासायला गेलंय. त्यातला जंतू वाढवतात आणि एकेक औषध घालून बघतात की कशाने मरतो. त्याचा कागद अजून यायचाय.

आणि ते पाण्याचं काय लावलंयस? कोपऱ्यावर काय वाहतं ते बघायला मी इथून उठून जाऊ का? पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला तुझ्या चावीचं पडलंय! राग मानू नकोस. मी सध्या सगळ्यांवरच ओरडते. काल काकांवर पण ओरडले, त्यांची नळी अडकली म्हणून.

ठमी

१९ एप्रिल

ठमे,

राग कसला? ओरड माझ्यावर, मला कुठे ऐकू येतंय.

पत्र आल्यापासून तेच हातात धरून बसलोय. सूनबाईने दोनदा विचारलं, काय झालं, आणि दोनदा मी सांगितलं की काही नाही. पोर तुला ओळखेना हे वाचलं आणि पुढचं मला वाचता येईना, ते तिनेच वाचून दाखवलं, माझ्या कानात ओरडून. मग सगळ्या मजल्याला कळलं.

तुला त्रास द्यायचा नाही, पण पुन्हा विचारतो. छोटी चावी उघडतो का तो? हो किंवा नाही, एवढंच लिही. तू उत्तर टाळलंस ते दोन्ही वेळा माझ्या लक्षात आलं. तुला लहानपणापासून ओळखतो मी. काही लपवायचं असलं की तू आधी भांडण काढतेस.

पोरीच्या कपाळावर माझा हात ठेव.

मामा

२२ एप्रिल

मामा,

कागद आला. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर धरला. औषधांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे तेच एक अक्षर. विचारलं तर म्हणाल्या, "म्हणजे हे औषध या जंतूला लागू पडत नाही." मी बोट लावून खाली खाली येत गेले. जे इंजेक्शन इतके दिवस चाललं होतं, त्याच्यापुढेही तेच अक्षर. शेवटी दोन नावं उरली, फक्त दोन. अठरा तारखेपासून ती दोन्ही सुरू आहेत. एक गोळी, आणि एक इंजेक्शन दिवसातून तीनदा. हातावर सुई टोचायला जागा उरली नाही, आता पायाला लावलीय.

मी विचारलं, माझ्या त्या अर्धवट गोळ्यांनी झालं का हे? म्हणाल्या, "तुमच्या एकटीच्या नाही हो. आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षं गोळ्या वाटेल तशा खाल्ल्या, आम्ही डॉक्टरांनी वाटेल तशा दिल्या, त्याने हा जंतू निर्ढावलाय. तो तुमच्या मुलीपर्यंत आला तेव्हाच तसा होता." मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग विचारलं, ही दोन पण नाही चालली तर? त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "चालतील. पण आई, तुमच्या गल्लीतून रोज एक पोर येतंय. मी अशी किती दिवस या दोन औषधांवर काढू? येतंय कुठून, ते आधी बंद व्हायला पाहिजे."

सात पोरं आहेत आपल्या गल्लीची इथे. मागच्या गल्लीतलं एकही नाही. एकोणीसला टिल्लू आला, खाट चौदा. वहिनी आल्या आल्या मला मिठी मारून म्हणाल्या, "आता दोघं इथेच खेळतील." वही घेऊन एक बाई आल्या होत्या, आरोग्य खात्याच्या. कुठलं पाणी पिता, कधी भरता, उकळता का. आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, सहाला नळ आला की पहिल्या धारेचं भरतो, प्यायला तेच, ताजं असतं म्हणून. त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. म्हणाल्या, "पाइप तेवीस तास रिकामा असतो. कुठे गळत असेल तर पहिल्या धारेतच सगळी घाण येते." पाणीखात्याने तीन ठिकाणी खणलं. नकाशाप्रमाणे खणलं. काही सापडलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. उघडत नाही.

तू मुलाकडे राहायला गेलास त्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं होतं. नवा चावीवाला सुरुवातीला तुझ्यासारखाच दहा मिनिटं सोडायचा. आम्ही बायका हंडे घेऊन उभ्या आणि पाणी गटारात, आमचा जीव जळायचा. अर्ज मी लिहिला, मामा. माझ्या हाताने. 'पिण्याच्या पाण्याची ही नासाडी ताबडतोब थांबवावी.' एकतीस घरांच्या सह्या मी दारोदार फिरून घेतल्या. वहिनींना सही येत नाही, त्यांचा अंगठा मी माझ्या हाताने धरून उमटवला. थांबलं पाणी सोडायचं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुला कळवलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याचा चाळा आहे.

आज दोन खाटा सोडून टिल्लू झोपलाय, आणि वहिनी मला स्वतःच्या डब्यातलं वाढतायत. मी ते जेवतेय. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

ताप एकशे तीन.

ठमी

२४ एप्रिल

ठमे,

कुरिअरने पाठवतोय. असंच दुसरं पत्र पाणीखात्याला पाठवलंय, आधी ते, मग हे.

तू रडू नकोस. तुझ्या अर्जाने काही झालेलं नाही. झालं ते माझ्या हाताने, आणि तुला दात यायच्या आधी.

तू सहा महिन्यांची होतीस. तुझे वडील नुकतेच गेले होते आणि गल्लीत नळ नव्हता. ताई तुला कडेवर घेऊन मोठ्या रस्त्यावरून हंडे आणायची आणि मग सातच्या कामाला पळायची. मी पाणीखात्यात नवा होतो. अर्ज केले. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ताई एकदा हंड्यासकट पडली, तू तिच्या अंगावर, म्हणून वाचलीस. त्या रविवारी मी कोठारातले जुने पाइप आणले आणि एकट्याने लाइन टाकली. कुणाला विचारलं नाही. सोमवारी गल्लीत पाणी आलं. ताईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्या दिवसापासून मी या गल्लीचा चावीमामा झालो, आणि तुम्ही सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलंत.

पण पाइप कमी पडला होता. गटाराला वळसा घालून न्यायला हवा होता, तो मी सरळ गटारातून नेला आणि मधोमध जोड दिला. जोड चांगला बसला नव्हता, मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी गटारावर फरशा टाकल्या, त्यावर सायकलवाल्याच्या बापाने दुकान थाटलं. आता जोड दुरुस्त करायचा तर दुकान फोडा, आणि दुकान फोडायचं तर कबूल करा की लाइन चोरून टाकलीय. माझी नोकरी गेली असती. लाइन तोडली असती. पुढे खात्याने लाइन नकाशावर चढवली तेव्हा ती गटाराला वळसा घालून जाते असं धरलं, तेव्हाही मी गप्प बसलो.

तू दोन वर्षांची असताना तुला असाच ताप आला, एकवीस दिवस. ताई सांगायची ना तुला? त्याचं कारण मला तेव्हाच कळलं होतं. पण तेव्हा डॉक्टरांनी साध्या गोळ्या दिल्या आणि तू उठून खेळायला लागलीस. त्या गोळ्यांनी माझी चूक पोटात घातली. मी कोपऱ्यावर छोटी चावी बसवली आणि रोज दहा मिनिटं पाणी सोडू लागलो, पहिली घाण निघून जावी म्हणून. एक दिवस चुकवला नाही. तापात गेलो, ताई गेली त्या सकाळीही गेलो. पण का सोडतो ते कुणाला सांगितलं नाही. निवृत्त झालो तेव्हा नव्या माणसालाही फक्त "सोडत जा" म्हणालो. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, आपली पद्धत आहे. कारण सांगितलं असतं तर तुझा अर्ज त्याने हसून सोडून दिला असता.

आता गोळ्या पोटात घालत नाहीत. कागदावर बोट लावून तू ज्या ओळी मोजल्यास त्या माझ्याच चुका आहेत असं मला वाटतं.

जागा अशी: सायकलवाल्याच्या दुकानाची पायरी. तिच्या डाव्या टोकापासून तीन पावलं आत, कमरेइतकं खोल. खात्याला चित्र काढून पाठवलंय, खाली सही केलीय, पूर्ण नावाने. त्यांनी टाळाटाळ केली तर सायकलवाल्याला माझं नाव सांग आणि तूच फोडायला लाव.

माझं काय व्हायचं ते होवो. पोर वाचू दे. सगळी पोरं वाचू देत.

मामा

३ मे

ठमे,

तुझं पत्र नाही. जावईबापूंनी सूनबाईला निरोप दिला, 'ताप उतरतोय'. दोनच शब्द. ते मी तिच्याकडून पाच वेळा वाचून घेतले. तिचा घसा बसलाय.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसतं टिल्लू कसा आहे ते कळव.

मामा

९ मे

ठमे,

कानाचं यंत्र लावलंय. फोन वाजला तर आता कळेल. वाजत नाही.

मामा

१४ मे

मामा,

तुझ्यावर रागावले होते. साधं नाही, अगदी आतून. तुझं ते पत्र सव्वीसला मिळालं. त्याच सकाळी भिंगरी पहिल्यांदा म्हणाली, "मला बिस्किट पाहिजे." नव्या इंजेक्शनचा नववा दिवस होता, ताप शंभरावर आला होता. मी आनंदाने वेडी झाले होते आणि एका हातात बिस्किट, एका हातात तुझं पत्र. वाचून झाल्यावर वाटलं, तुला गदगदा हलवावं. तीस वर्षं! एकदा आईला सांगायचंस, एकदा मला. आम्ही काय तुला टाकलं असतं? पाणी उकळून प्यायलो असतो, बाबा!

मग माझ्या लक्षात आलं की मीही तेच केलं. आठ दिवस वहिनींच्या डब्यातलं जेवले आणि अर्जाचं बोलले नाही. तुझ्यापेक्षा माझे दिवस कमी, एवढाच फरक.

खात्याची माणसं सत्तावीसला आली. पायरी फोडायला सायकलवाल्याने स्वतः घण घेतला. तू लिहिलंस तिथेच, तीन पावलं, कमरेइतकं खोल. जोडातून बोट आत जात होतं आणि चहूकडून गटाराचं पाणी. सगळी गल्ली खड्ड्याभोवती उभी होती. आता नवी लाइन पडलीय, गटाराला वळसा घालून, नकाशात आहे तशी. बाकीच्या सगळ्या पोरांना लस टोचली. वॉर्डात आपल्या गल्लीचं नवं पोर आठवडाभरात आलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "कुणी सांगितली जागा?" मी म्हटलं, माझ्या मामाने.

भिंगरी दोन तारखेला घरी आली. केस गळतायत, पाय काड्या झालेत, आणि तोंड सुरू आहे. काकांना सोडून येताना रडली.

टिल्लूचं सांगते. हे लिहायचं होतं म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही. अठ्ठावीसला त्याचं पोट एकदम दगडासारखं झालं. आतड्याला भोक पडलं होतं, मामा. या तापात पडतं म्हणे, तिसऱ्या आठवड्यात. तासाभरात ऑपरेशनला आत नेलं. वहिनी त्या दारासमोर फरशीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं. अर्ज, अंगठा, सगळं. आणि तुझं पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. मला वाटलं त्या मला मारतील. त्या नुसत्या उठल्या आणि चार हात लांब जाऊन बसल्या.

वाचला टिल्लू. चार दिवस आशा नव्हती, पण वाचला. परवा घरी आला. कमरेत वाकून चालतो. वहिनी माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. काल मी गणवेशाचे गठ्ठे उचलत होते तर दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या मामाला लिही. मला त्याचं पत्रबित्र नको. म्हणावं, ये आणि माझ्या पोराच्या पोटावरचे टाके बघ."

त्या रागाने म्हणाल्या की कशाने, मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तू यावंस की नाही, हे मी सांगणार नाही. खात्याचीही चौकशी आहे, तुला बोलावतील बहुतेक.

मी मात्र तुला टाकणार नाही. रागावले तरी नाही. एवढं बहिऱ्या कानांनीही ऐकून ठेव.

तुझी,
ठमी

१७ मे

ठमे,

गुरुवारच्या बसचं तिकीट काढलंय. मुलगा नको म्हणाला, चौकशी होईल म्हणाला. होऊ दे. सूनबाईने माझी पिशवी भरली.

स्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस. जावईबापूंनाही पाठवू नकोस. मला गल्ली सापडते. मी आधी इस्त्रीवाल्या वहिनींच्या दारात जाईन. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवणार होतो, पण बोलण्यासारखं काही नाही, त्यांनी दाखवलेलं बघायचं आहे. त्या बोलतील ते यंत्र लावून ऐकेन.

त्यांनी आत घेतलं तर तुझ्याकडे यायला उशीर होईल. नाही घेतलं तर त्या उठून सांगेपर्यंत मी दाराशी बसून राहीन, म्हणजे तरीही उशीरच होईल. तू भिंगरीला वेळेवर जेवायला घाल. माझ्यासाठी थांबू नका.

मामा